उद्योगवीर वालचंद

इ. स. १९४० च्या सुमारास हिंदुस्थानच्या आकाशात अनेक प्रकारची विमाने घिरट्या घालीत होती. कोणी टपाल नेत होते, कोणी उतारूंना नेत होते, तर कोणी लष्कराच्या कामावर होते. परंतु ह्यांपैकी एकही विमान ह्या देशातील कारखान्यात तयार झालेले नव्हते. विमानाचे पंख परदेशात घडत, इंजिन परदेशात ओतले जाई, आणि ते इंजिन उघडण्यासाठी लागणारा खास मापाचा पानादेखील बहुधा समुद्र ओलांडूनच येई. एखादा महत्त्वाचा भाग निकामी झाला, तर नवा भाग बोटीने येऊन पोहोचेपर्यंत विमानाला पंख मिटलेल्या पाखरासारखे जागीच बसून राहावे लागे. ज्या देशाला आपली अवजारेही दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागतात, त्याचे हात बांधलेलेच असतात. हे बंधन तोडण्यासाठी ज्या थोड्या पुरुषांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी ह्यांचे नाव अग्रभागी आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतील. परंतु व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि येथल्या मातीशी एकरूप होऊन गेले. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. सोलापूरचे शालेय शिक्षण संपवून वालचंद मुंबईच्या सेंट झेविअर कॉलेजात व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. तथापि पदवी मिळण्यापूर्वीच त्यांना शिक्षण सोडून घरच्या व्यवसायात लक्ष घालावे लागले. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडीत राहावे, म्हणजे आयुष्य सुखाने गेले असते. पण त्या कामात तरुण वालचंदांचे मन रमेना. जेथे काही नवे उभे राहते, जेथे माणसांच्या हातांना काम मिळते आणि कामाला आकार येतो, अशा उद्योगाकडे त्यांची ओढ होती.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक ह्यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात आणि ती कशी पुरी करावयाची, ह्याची त्यांना बारीक माहिती होती. मात्र त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची पत होती. पण कामाचा अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या रस्त्याचे काम मक्त्याने घेतले. उन्हातान्हात उभे राहून वालचंदांनी मातीचे भराव घालून घेतले, मजुरांचे हिशेब ठेवले आणि काम शिकून घेतले. कुदळ, फावडे, घमेले आणि पहार ही त्या कामाची अवजारे. पेढीवर वाढलेल्या ह्या तरुणाला हाताच्या कामाचे मोल प्रथम कळले ते ह्या साध्या अवजारांच्या सहवासात.

पुढे ह्या मक्तेदारीच्या कामाचा मोठा विस्तार झाला. मुंबई-पुणे लोहमार्गासाठी बोरघाटातील कठीण कातळ फोडून बोगदे पाडण्याचे अवघड काम त्यांच्या देखरेखीखालील कंपनीने केले. तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या नळांचे कामही तिने केले. मोठी कामे परदेशी कंपन्यांनीच करावयाची आणि एतद्देशीयांनी त्यांच्या हाताखाली राबावयाचे, अशी त्या काळची समजूत होती. ती समजूत वालचंदांनी आपल्या कृतीने खोटी ठरविली.

इ. स. १९१९ साली त्यांच्या जीवनाला वेगळेच वळण मिळाले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक आगबोट युद्धकाळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारे तरते रुग्णालय बनली होती. ती बोट आता विकावयाची आहे, असे वालचंदांना कळले. हिंदुस्थानचा किनारा हजारो मैल लांबीचा. पूर्वी येथील गलबते दूरदूरच्या देशांत जात. परंतु त्या वेळी देशाचा सारा सागरी व्यापार परदेशी कंपन्यांच्या बोटींतून चाले. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी मित्रांना एकत्र केले आणि ती बोट विकत घेतली. तिचे नाव होते लॉयल्टी. शिंदे सरकारांच्या नावावरून कंपनीचे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी असे ठेवण्यात आले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला जाण्यासाठी निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु समुद्रावरील वाट सरळ नव्हती. परदेशी कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर इतके खाली आणले, की नव्या कंपनीला तोटा सोसून धंदा करावा लागावा. अनेक देशी बोट-कंपन्या अशा स्पर्धेत पूर्वी बुडाल्या होत्या. वालचंद आणि त्यांचे सहकारी मात्र चिकाटीने टिकून राहिले. ह्या झगड्यातून वालचंदांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. बोट विकत घेतली म्हणजे समुद्र आपला होत नाही. बोट बांधण्याची, मोडली तर दुरुस्त करण्याची आणि त्यासाठी लागणारी यंत्रे व अवजारे वापरण्याची विद्या आपल्या लोकांच्या हातांत आली पाहिजे. तोपर्यंत विकत घेतलेली वस्तू ही उसनवारीचीच. जहाजे बांधण्याचा कारखाना, मोटारींचा कारखाना आणि विमानांचा कारखाना, ही तीन मोठी स्वप्ने त्यांनी पाहिली, ती ह्याच जाणिवेतून.

इ. स. १९३९ साली वालचंद अमेरिकेच्या प्रवासास गेले. हिंदुस्थानात मोटारी तयार करण्यासाठी कोणाचे साहाय्य मिळेल, ह्याचा शोध ते घेत होते. ह्या प्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थांशी झाली. पॉली ह्यांनी चीनमध्ये विमाने जुळविण्याचे कारखाने चालविले होते. चीनसारख्या युद्धाने पोळलेल्या देशात, तेथल्याच कामगारांच्या हातून विमाने तयार होऊ शकतात, तर हिंदुस्थानात का होऊ नयेत? वालचंदांच्या मनात हा विचार रुजला. मोटारींसाठी निघालेला हा पुरुष आता विमानांचाही ध्यास घेऊन मायदेशी परतला.

तोवर युरोपात दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटला होता. हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढावयाचा, तर सरकारची अनुमती हवी आणि कारखान्यात तयार होणारी विमाने सरकारने घ्यावयास हवीत. इंग्लंडला स्वतःसाठीच विमाने आणि यंत्रे अपुरी पडत होती. म्हणून ह्या योजनेकडे प्रथम कोणी उत्साहाने पाहिले नाही. परंतु जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि परिस्थिती पालटली. युरोपातून येणारी मदत केव्हा तुटेल ह्याचा नेम राहिला नाही. पूर्वेकडील सैन्यासाठी विमाने जवळच तयार व दुरुस्त होणे अगत्याचे ठरले. वालचंदांनी आपला प्रयत्न क्षणभरही थांबविला नव्हता. अखेर सरकारचा होकार आला.

कारखान्यासाठी योग्य जागा शोधताना त्यांची दृष्टी म्हैसूर संस्थानाकडे वळली. संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे उद्योगांना उत्तेजन देणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी बंगलोरजवळ सुमारे ७०० एकर जमीन देऊ केली आणि संस्थानातर्फे २५ लक्ष रुपयांचे भांडवलही घातले. वालचंद आणि त्यांच्या साथीदारांनी आपले भांडवल ओतले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. यंत्रे अमेरिकेतून आणण्याचे ठरले. काही अमेरिकन तंत्रज्ञही आले. परंतु कारखाना चालावयाचा होता तो हिंदी कामगारांच्या हातांनी.

विमानाचे काम पूर्वी केलेली माणसे देशात फार थोडी होती. लोखंड घडविणे, लाकूड तासणे, मोटार दुरुस्त करणे ही कामे जाणणारे हात मात्र पुष्कळ होते. ह्या हातांना आता नवी शिस्त लावावयाची होती. विमानाची दुरुस्ती ही बैलगाडीच्या किंवा मोटारीच्या दुरुस्तीसारखी नसते. गाडी वाटेत बिघडली, तर ती कडेला उभी करता येते. विमानाला आकाशात थांबता येत नाही. म्हणून विमानाच्या कारागिराच्या पेटीतील अवजारे ओळखीची दिसली, तरी ती वापरण्याची रीत फार कडक असते.

त्यांतील काही अवजारे आणि त्यांच्या रीती जाणून घेण्यासारख्या आहेत. विमानाचे बाह्यांग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असते आणि ते पत्रे हजारो रिव्हेटांनी एकमेकांस जोडलेले असतात. रिव्हेट म्हणजे डोके असलेली, बोथट टोकाची छोटी खीळ. दोन पत्र्यांना आरपार भोक पाडून त्यातून ती घालतात. एक कारागीर बाहेरून तिच्या डोक्यावर ठोके देतो आणि दुसरा आतल्या बाजूने तिच्या टोकाला पोलादाचा गुळगुळीत ठोकळा दाबून धरतो. ठोक्यांनी खिळीचे आतले टोक चेपते, पसरते आणि पत्रे घट्ट धरले जातात. दोघांना पुष्कळदा एकमेकांचे तोंडही दिसत नाही. तरी दोघांच्या हातांचा मेळ अचूक बसावा लागतो. ठोकळा तिरपा झाला तर रिव्हेट वाकडी बसते. मग ती कोरून काढून पुन्हा नवी बसवावी लागते.

नट आवळण्याचा पाना हे दुसरे अवजार. सामान्य माणसाला वाटते, की नट जितका घट्ट, तितका चांगला. विमानात तसे नसते. फार सैल आवळलेला नट हादऱ्यांनी सुटतो आणि फार घट्ट आवळलेला बोल्ट ताणाने तुटतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी किती जोर लावावयाचा, हे ठरलेले असते आणि तो जोर मोजणारा खास पाना वापरतात. एवढ्यावरही न थांबता अनेक बोल्टांच्या डोक्यांतील भोकांतून बारीक तार ओवून ती पक्कडीने पिळून बांधतात. तारेचा पीळ अशा दिशेने घ्यावयाचा, की बोल्ट सैल होऊ लागला तर तारेचा ताण त्याला उलट आवळण्याकडेच ओढील. एवढीशी तार, पण ती उलटी बांधली तर तिचा काही उपयोग नाही.

लहानसहान गोष्टींचीही अशीच दक्षता घ्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढीत नाहीत. कारण शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटमुळे तो पत्रा त्या रेघेवर झिजू लागतो. पत्रा सरळ करण्यासाठी लोखंडी हातोडीऐवजी रबराची किंवा कातड्याची मऊ मोगरी वापरतात, म्हणजे पत्र्याला खोक पडत नाही. आणि काम संपल्यावर कारागीर आपली अवजारे मोजून पाहतो. एखादा पाना किंवा पेचकस विमानाच्या पोटात विसरून राहिला, तर तो उड्डाणाच्या वेळी घसरून सुकाणूच्या दोऱ्यांत अडकू शकतो आणि साऱ्यांचे प्राण धोक्यात येतात. म्हणून पेटीतील एक जरी अवजार कमी भरले, तरी ते सापडेपर्यंत विमान हलवीत नाहीत.

अशा शिस्तीने बंगलोरच्या कारखान्यात काम सुरू झाले. अमेरिकेहून सुटे भाग पेट्यांत भरून आले. त्यांतून शिकाऊ वैमानिकांसाठी असलेले हार्लो जातीचे पहिले विमान जुळविण्यात आले. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे कंपनी स्थापन झाल्यापासून सुमारे आठ महिन्यांतच, ते उड्डाणाच्या चाचणीस सिद्ध झाले. त्याचे भाग परदेशी होते, हे खरे. परंतु ते जोडणारे बहुतेक हात ह्याच देशाचे होते. पुढील वर्षी हॉक जातीचे लढाऊ विमानही त्या कारखान्यातून आकाशात झेपावले.

ह्याच सुमारास वालचंदांचे दुसरे स्वप्नही आकार घेत होते. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते विशाखापट्टणम येथे जहाज-कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. आता आपल्या आयुष्याचे सार्थक होणार, असे वालचंदांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु नेमक्या ह्याच वेळी त्यांच्यावर कठीण प्रसंग आला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. त्याच्या सैन्याने मलाया आणि ब्रह्मदेश ह्यांवर झपाट्याने चाल केली. युद्ध हिंदुस्थानच्या दाराशी येऊन ठेपले. अशा वेळी विमानांचा कारखाना खाजगी व्यक्तींच्या हाती न ठेवता तो आपल्याच ताब्यात असावा, असे सरकारने ठरविले. सरकारने कंपनीत पूर्वीच भाग घेतला होता. एप्रिल १९४२ मध्ये वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेऊन सरकारने कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यांना भागांची किंमत मिळाली. परंतु जो कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला, त्याच्याशी असलेला त्यांचा संबंध मात्र दीड वर्षाच्या आतच संपला. झाड लावावे, त्याला पाणी घालावे आणि पहिला मोहोर येण्याच्या वेळी ते दुसऱ्याच्या हवाली करावे, असा तो प्रसंग होता.

ह्या आघाताने दुसरा कोणी खचून गेला असता. वालचंद खचले नाहीत. एप्रिल १९४२ मध्येच विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आणि जहाज-कारखान्याच्या कामातही खंड पडला. तरी त्यांनी तो संकल्प सोडला नाही. इ. स. १९४४ मध्ये त्यांनी मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. एक दार बंद झाले, तर दुसरे ठोठवावयाचे, हा त्यांचा स्वभावच होता.

इकडे बंगलोरच्या कारखान्याला युद्धाने वेगळेच काम दिले. नवी विमाने बांधण्यापेक्षा मोडलेली विमाने लवकर दुरुस्त करणे अधिक निकडीचे झाले. इ. स. १९४३ मध्ये कारखान्याचे काम अमेरिकन वायुदलाच्या देखरेखीखाली गेले. ब्रह्मदेशच्या रणभूमीवरून आणि हिमालय ओलांडून चीनकडे जाणाऱ्या खडतर मार्गावरून थकलेली, भेगाळलेली, गोळ्यांनी चाळणी झालेली विमाने तेथे येऊ लागली. कारागीर इंजिने उतरवीत, त्यांचा एक एक भाग सुटा करीत, धूत, मोजीत, झिजलेला भाग बदलीत आणि पुन्हा जुळवीत. पत्र्याला भेग पडलेली असेल, तर भेगेच्या टोकाशी एक लहान गोल भोक पाडावयाचे, म्हणजे ती पुढे सरकत नाही; मग फाटलेला भाग नीट कापून त्यावर मापाचे ठिगळ रिव्हेटांनी जडवावयाचे. आई जसे फाटलेल्या वस्त्राच्या कडा दुमडून मग ठिगळ लावते, तसेच ते काम. हजारो हिंदी कामगार ह्या काळात विमानविद्येत तरबेज झाले. कारखाना वालचंदांच्या हातून गेला होता. पण ज्या हेतूने तो त्यांनी काढला, तो हेतू सफल होत होता. विद्या हातांत उतरत होती, आणि ती कोणालाही परत घेता येण्यासारखी नव्हती.

ह्या विद्येची खरी कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. युद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची अनेक मोठी बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या विमानतळावर टाकून देण्यात आली होती. प्रत्येक विमानाला चार इंजिने आणि प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर. पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट. ती पुन्हा कोणी वापरू नयेत, म्हणून निघून जाणाऱ्यांनी त्यांची मुद्दाम मोडतोड केली होती. ऊन-पावसात पडून ती आणखीच जीर्ण झाली होती. नव्या स्वतंत्र राष्ट्राला अशा विमानांची गरज होती. परंतु नवी विमाने घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ह्या मोडक्या विमानांना जीवदान देण्याचे ठरविले.

कारागिरांचा एक गट आपली अवजारे घेऊन कानपूरला गेला. एका विमानाचा चांगला भाग काढावा, दुसऱ्याला बसवावा. फाटके शिवावे, वाकलेले सरळ करावे. आणि विमान एक उड्डाण करील एवढी डागडुजी करावी, असे काम त्यांनी उघड्या मैदानात केले. मग जमशेद मुन्शी नावाच्या धाडसी वैमानिकाने ती विमाने एकामागून एक उडवीत सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या बंगलोरला नेली. प्रत्येक उड्डाणात त्यांचे प्राण कानपूरच्या मैदानात आवळलेल्या त्या नटांवर आणि पिळलेल्या त्या तारांवर अवलंबून होते. बंगलोरला त्या विमानांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसहून अधिक विमाने पुन्हा उडू लागली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांचे एक पथक भारतीय वायुदलात दाखल झाले, आणि ह्या जातीची विमाने इ. स. १९६८ पर्यंत देशाच्या सेवेत राहिली. पुढे त्यांतील काही विमाने परदेशांतील संग्रहालयांनी मोठ्या आदराने नेली.

ह्याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील विद्वान अभियंते काम करीत होते. जर्मनीतील गोटिंगेन येथे त्यांनी विमानविद्येचे उच्च शिक्षण घेतले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एच. टी. २ ह्या शिकाऊ विमानाचा आराखडा तयार झाला आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते आकाशात उडाले. दहा वर्षांपूर्वी परदेशी पेट्या उघडून विमान जुळविणाऱ्या ह्या कारखान्याने आता स्वतःच्या कल्पनेतून विमान घडविले होते. वालचंदांनी लावलेल्या झाडाला आलेले हे फळ होते.

त्यापूर्वी १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमच्या कारखान्यात बांधलेले जलउषा हे जहाज पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारीही बाहेर पडू लागल्या होत्या. अशा रीतीने पाणी, भूमी आणि आकाश ह्या तिन्ही ठिकाणी चालणारी वाहने देशात तयार करण्याचा पाया वालचंदांच्या हयातीतच घातला गेला. ह्याशिवाय नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे त्यांनी साखरेचे कारखाने काढले आणि माळरानांवर उसाचे मळे व कामगारांच्या वसाहती उभ्या केल्या.

एवढ्या अविश्रांत श्रमांचा परिणाम शरीरावर झाल्यावाचून राहिला नाही. इ. स. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी ते कामकाजातून निवृत्त झाले. आजारपणात त्यांच्या पत्नी कस्तुरबाई ह्यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे ह्या उद्योगवीराची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या मागे त्यांचे कार्य वाढतच राहिले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्टचे रूपांतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ह्या मोठ्या संस्थेत झाले. तिचा एक कारखाना नाशिकजवळ ओझर येथेही निघाला आणि विमाने बांधण्याचे काम महाराष्ट्राच्या भूमीत आले. सांगली येथे इ. स. १९४७ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंदांचे नाव देण्यात आले. त्या महाविद्यालयाच्या कर्मशाळेत खेड्यापाड्यांतून आलेली मुले कानस आणि पाना हाती धरावयास शिकली आणि पुढे अभियंते झाली.

वालचंदांनी स्वतः कधी विमानाचा आराखडा काढला नाही, की रिव्हेट ठोकली नाही. परंतु ज्या हातांना ते करता येईल, त्या हातांना जागा, यंत्रे आणि संधी मिळावी, म्हणून त्यांनी आपले धन आणि आयुष्य पणास लावले. कारखाना गेला, तरी त्यांचे कार्य गेले नाही. कारण ते कारखान्याच्या भिंतींत नव्हते, तर कामगारांच्या बोटांत उतरले होते. आकाशातून विमानाचा घोष ऐकू येतो, तेव्हा आपल्याला वैमानिकाचे धैर्य आठवते. त्याच वेळी जमिनीवर राहून आपली अवजारे मोजून ठेवणाऱ्या कारागिराचे आणि अशा कारागिरांसाठी पहिले छप्पर उभारणाऱ्या सोलापूरच्या त्या जिद्दी पुरुषाचेही स्मरण व्हावे, हे योग्यच होय.